मृतांविषयी खरे बोलावे

हिंगोली जिल्ह्यातील आमचे गोरेगाव सेनगाव तालुक्यात आहे. नाव ऐकताच ज्या वाचकांस मुंबईचे उपनगर आठवते, त्यांच्यासाठी एवढा खुलासा पुरे. येथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. पैनगंगा आणि कयाधू या आमच्या ओळखीच्या नद्या, आणि त्यांत जहाजे चालत नाहीत. आमच्यापैकी पुष्कळांनी जहाज पाहिले ते दूरचित्रवाणीच्या पडद्यावर, आणि विमान पाहिले ते शेतातून मान वर करून. तरीही टायटॅनिक कशी बुडाली, बर्म्युडा त्रिकोणात विमाने कोण गिळून टाकते, हे येथील शाळकरी मूलदेखील आत्मविश्वासाने सांगू लागते. जी गोष्ट आपण स्वतः पाहिली नाही, पाहण्याची शक्यताही नाही, तिच्याविषयी पडदा जे सांगेल तेच आपले ज्ञान होऊन बसते. म्हणूनच जुन्या विमान-अपघातांवर आणि जहाजांच्या जलसमाधीवर जे माहितीपट घरोघरी पाहिले जातात, त्यांच्याविषयी एक नैतिक प्रश्न विचारणे आम्हांला आवश्यक वाटते. जी माणसे अशा अपघातांत मेली, त्यांच्याविषयी आपण काय बोलावे, आणि ते बोलणे करमणुकीसाठी असू शकते काय?

या माहितीपटांची रचना आता सर्वांच्या परिचयाची झाली आहे. आरंभी अंधारलेला समुद्र, खर्जातील संगीत आणि गंभीर आवाजात विचारलेला एक प्रश्न. मग नटांकरवी वठवलेली दृश्ये: घामाने डबडबलेला वैमानिक, थरथरणारे काटे, किंचाळणारे प्रवासी. उत्तर आता येणार असे वाटते तोच जाहिराती लागतात. जाहिरातींनंतर तोच प्रश्न नव्या शब्दांत पुढे येतो. तासाभराच्या शेवटी तीनचार तर्क मांडले जातात. चौकशी अहवालाचा निष्कर्ष आणि कोणा हौशी संशोधकाची कल्पना यांना सारखाच वेळ मिळतो, आणि सत्य कदाचित कधीच कळणार नाही, अशा आशयाच्या वाक्यावर पडदा पडतो. प्रेक्षकाला वाटते, आपण काही शिकलो. वास्तविक त्याच्या मनात एक कुतूहल चाळवून ते तसेच उपाशी ठेवलेले असते, म्हणजे पुढच्या आठवड्यात तो पुन्हा येऊन बसेल.

याची मजल कोठवर जाऊ शकते याचे एक उदाहरण २०१३ साली दिसले. डिस्कव्हरी वाहिनीने त्या वर्षी ऑगस्टमध्ये मेगालोडॉन या लाखो वर्षांपूर्वी नष्ट झालेल्या महाकाय शार्कवर एक कार्यक्रम दाखवला. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळ मासेमारीची एक नौका प्रवाशांसह बुडाली आणि त्यामागे हाच मासा असावा, असे त्यात सुचवले होते. ती नौका, तिचे प्रवासी आणि कार्यक्रमातील शास्त्रज्ञ हे सारे कल्पित होते. तसा खुलासा काही क्षण पडद्यावर झळकून गेला एवढेच. येथे निदान मृतही काल्पनिक होते. परंतु कल्पित अपघात आणि खरा अपघात एकाच साच्यात ओतले जाऊ लागले, की खऱ्या मृतांनाही पात्रांची अवकळा येते.

बर्म्युडा त्रिकोणाची कथा ज्या घटनेवर प्रामुख्याने उभी आहे, तिच्याकडे पाहावे. ५ डिसेंबर १९४५ रोजी अमेरिकेच्या नौदलाची पाच विमाने फ्लोरिडातून सरावासाठी निघाली आणि परतली नाहीत. त्यांत १४ माणसे होती. त्यांच्या शोधार्थ गेलेले एक विमानही १३ जणांसह नाहीसे झाले. तुकडीच्या नायकाचे होकायंत्र बिघडले होते आणि आपण नक्की कोठे आहोत याविषयी त्याची समजूत चुकली. हवा बिघडली, रात्र पडली, इंधन संपले. शोधास गेलेल्या विमानाच्या बाबतीत, आकाशात ज्वाळा पाहिल्याचे एका तेलवाहू जहाजाने कळवले होते. एवढे कागदोपत्री आहे. समुद्रच वेगळा दिसतो आहे, अशा अर्थाचे वैमानिकांचे जे उद्गार पुढे पुस्तकांतून व पडद्यावरून गाजले, ते बिनतारी संदेशांच्या नोंदींत आढळत नाहीत. ते मागाहून कोणीतरी मृतांच्या तोंडी घातले.

या प्रकरणातील एक उपकथा मात्र फारशी सांगितली जात नाही. नौदलाच्या चौकशीने प्रथम तुकडीच्या नायकाला दोष दिला होता. त्याच्या आईला ते मान्य होईना. विमानेच सापडली नाहीत, तर माझ्या मुलाला दोषी कसे ठरवता, असा तिचा आग्रह होता. अखेर नौदलाने अहवालात दुरुस्ती केली आणि कारण अज्ञात असल्याचे नोंदवले. एका आईच्या दुःखाची बूज राखून लिहिलेला तो एक शब्द पुढे तमाशा मांडणाऱ्यांच्या हाती लागला, आणि पाहा, खुद्द नौदलालाही कारण सापडले नाही, असे म्हणून त्यांनी त्यावर गूढाचा डोलारा उभारला. अज्ञात आणि गूढ हे दोन शब्द आपण सैलपणे एकाच अर्थी वापरतो. त्यांत नीतीचा केवढा फरक आहे! अज्ञात म्हणणारा आपल्या ज्ञानाची सीमा कबूल करतो. गूढ म्हणणारा त्या सीमेपलीकडे काहीतरी विलक्षण दडले असल्याचा भास विकतो. ८ मार्च २०१४ रोजी २३९ जणांसह नाहीशा झालेल्या मलेशियाच्या विमानाविषयी २०१८ च्या अधिकृत अहवालाने कारण निश्चित करता येत नाही, असे सांगितले. नातेवाइकांना ते उत्तर असह्य वाटले असेल, पण त्यात अप्रामाणिकपणा नव्हता. तेवढ्यावर थांबण्याचे धैर्य पडद्याला झाले नाही.

आता आपल्या माणसांकडे वळू. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे विमान मुंबईहून युरोपकडे जाताना माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि त्यातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. त्यांत डॉ. होमी भाभा होते. फ्रेंच चौकशीने कारण दिले ते असे: विमानातील दिशादर्शक उपकरणांपैकी एक बंद होते, वैमानिकाचा आपल्या स्थानाचा अंदाज चुकला, रडार-नियंत्रकाला ती चूक दिसली व त्याने तसे कळवलेही, परंतु त्याचे शब्द पुरेसे नेमके नव्हते, डोंगर मागे पडला अशा समजुतीने वैमानिकाने विमान खाली घेतले. तथापि भाभांसारखा माणूस इतक्या साध्या गैरसमजाने जावा हे मनाला पटत नाही. तेव्हा परकीय हस्तकांच्या कटाची कथा वारंवार सांगितली जाते आणि त्या कथेत उरलेली ११६ माणसे अदृश्य होतात. त्यांनाही घरे होती, त्यांच्याही वाटेकडे कोणी डोळे लावून बसले होते. पण कटाच्या कथेला त्यांचा उपयोग नाही. २०१२ साली त्या हिमनदीने भारतीय परराष्ट्र खात्याची टपालाची एक थैली परत दिली, तेव्हा पुन्हा कुतूहल उसळले. थैलीत निघाली ती जुनी वर्तमानपत्रे आणि दिनदर्शिका.

मराठवाड्यातील वाचकांना याहून जवळची एक घटना स्मरत असेल. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, चिकलठाणा विमानतळावरून मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान धावपट्टीच्या टोकापलीकडील बीड रस्त्यावरून जाणाऱ्या एका ट्रकला धडकले. ट्रकमध्ये कापसाच्या दाबलेल्या गाठी होत्या. पुढे विमान विजेच्या तारांवर आदळून कोसळले आणि ११८ पैकी ५५ जण गेले. विमानाचे नाक उचलण्यास वैमानिकांनी केलेला उशीर, उचलण्याची चुकीची पद्धत, आणि विमानांच्या वेळी त्या रस्त्यावरील वाहने रोखण्यात विमानतळ प्राधिकरणाची झालेली कुचराई, अशी कारणे चौकशीत पुढे आली.

कापसाने भरलेला ट्रक! आमच्या भागातील कोणत्या माणसाने तो पाहिलेला नाही? हंगामात तो दर वळणावर भेटतो. या अपघातात समुद्रराक्षस नाही, परग्रहवासी नाहीत, गुप्तहेर नाहीत. एक रस्ता आहे, त्यावर वेळेला न पडलेले फाटक आहे, आणि काही सेकंदांचा उशीर आहे. सनसनाटी माहितीपटांना असे अपघात भावत नाहीत, आणि त्यांच्या मोहाचे खरे कारण येथेच सापडते, असे आम्हांला वाटते. गूढ आपल्याला निर्दोष ठेवते. बर्म्युडा त्रिकोणापुढे आपण काय करणार? आश्चर्य करायचे आणि झोपी जायचे. परंतु न पडलेले फाटक आपल्याला झोपू देत नाही. फाटक पाडणे हे कोणा माणसाचे काम होते, आणि असे एखादे लहानसे काम आपल्यापैकी प्रत्येकाकडे असते. बसचा चालक, विजेच्या तारा ओढणारा, शाळेच्या सहलीची होडी ठरवणारा शिक्षक, क्षमतेहून अधिक माणसे जीपमध्ये कोंबणारा आणि तशा जीपमध्ये निमूट चढणारे आपण, या सर्वांना तो अपघात प्रश्न विचारतो. बहुतेक मोठे अपघात अनेक लहान चुका एका दिवशी एकत्र आल्याने घडतात. हे सत्य नीरस आहे आणि फार जवळचे आहे. त्याच्यापासून दूर पळण्यासाठी माणूस गूढाकडे धावतो.

आपल्या किनाऱ्यावरील सर्वांत मोठ्या जलदुर्घटनेची गोष्ट याच प्रकारची आहे. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला एक महिना उरला असताना, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ ही आगबोट रेवसकडे निघाली. आषाढी अमावास्या तोंडावर होती. चाकरमानी घरी निघाले होते. काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांत बोट एका बाजूस झुकली, घाबरलेले प्रवासी एकाच कडेला धावले, आणि पाहता पाहता ती उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. मुंबई एवढी जवळ असूनही शहराला ही वार्ता कळण्यास कित्येक तास लागले. त्या वेळी मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी बुडणाऱ्यांना आपल्या होड्यांत ओढून घेतले. खवळलेल्या समुद्रात अनोळखी माणसांसाठी होडी वळवणाऱ्या या कोळ्यांची नावे किती जणांना ठाऊक आहेत? ‘रामदास’चा उल्लेख आला की तिला भारताची टायटॅनिक म्हणण्याची पद्धत पडली आहे. आपल्या मृतांचे दुःख मोजण्यासाठीही परक्या जहाजाचे माप लागावे, ही खेदाची गोष्ट आहे. काही शोधकांनी वाचलेल्या माणसांना भेटून आठवणी गोळा केल्या, म्हणून निदान एवढे आपल्या हाती उरले. भेटून ऐकणे आणि जसे ऐकले तसे सांगणे, हीच माहितीपटाची खरी वाट आहे.

यावर कोणी म्हणेल, बुडालेल्या जहाजांच्या कथा रंगवून सांगणे ही माणसाची जुनीच सवय आहे. दूरचित्रवाणीलाच दोष का? आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छच्या मांडवीहून मुंबईकडे निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘विजळी’ म्हणत. तिच्यावर गुजराती लोकगीते झाली आणि हाजी कासम हे नाव त्यांतून अजरामर झाले. त्या गीतांतही अतिशयोक्ती असेल. परंतु ती गाणारे त्याच किनाऱ्यावरचे होते. बोटीतील वऱ्हाडे त्यांच्याच गावची होती. त्यांच्या अतिशयोक्तीत आक्रोश होता. आपल्या मुलाच्या गुणांविषयी शोक करणारी आई जास्तीचे बोलते, तेव्हा तिला कोणी खोटे म्हणत नाही. तेच शब्द भाड्याने आणलेल्या माणसाने फायद्यासाठी उच्चारले तर आपल्याला किळस येते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सरकारी अहवालांवर डोळे मिटून विश्वास ठेवावा काय? सत्ताधाऱ्यांनी काही दडवलेच नसते काय? दडवलेले असू शकते, आणि तेथे शंका घेणे हे कर्तव्यच ठरते. २३ जून १९८५ रोजी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ ‘कनिष्क’ विमानात बाँबस्फोट होऊन ३२९ जण मृत्यू पावले. कॅनडातील आप्तांनी पाव शतक प्रश्न विचारणे सोडले नाही. अखेर २०१० साली निवृत्त न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या आयोगाने तेथील यंत्रणांच्या एकामागून एक झालेल्या चुका नोंदवल्या आणि कॅनडाच्या पंतप्रधानांनी कुटुंबियांची क्षमा मागितली. त्या शंकेला उत्तर हवे होते; उत्तर मिळताच ती शमणार होती. माहितीपटवाल्याची शंका उत्तराला भिते, कारण उत्तर मिळाले की त्याचा धंदा बसतो. शंका खरी की खोटी हे ओळखण्याची ही एक खूण आहे.

या साऱ्यात सर्वांत असहाय असतो तो मृत चालक, मृत कप्तान. त्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही. टायटॅनिकवरील अधिकारी विल्यम मर्डॉक यांनी प्रवाशांवर गोळी झाडून नंतर आत्महत्या केली, असे १९९७ च्या प्रसिद्ध चित्रपटात दाखवले होते. तो चित्रपट होता, माहितीपट नव्हे. तरीही सिद्ध न झालेली गोष्ट खऱ्या नावाला चिकटवली गेली. स्कॉटलंडमधील त्यांच्या डॅलबीटी गावाने आक्षेप घेतला, तेव्हा १९९८ साली निर्मात्या कंपनीने त्या गावाची क्षमा मागून तेथील शाळेत मर्डॉक यांच्या स्मरणार्थ असलेल्या पारितोषिकास देणगी दिली. आपल्याकडे १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत एअर इंडियाचे विमान कोसळून विमानातील व जमिनीवरील मिळून २६० जण गेले. जुलैत प्राथमिक अहवाल येताच काही प्रसारमाध्यमांनी निवाडा देऊन टाकला. घाईने निष्कर्ष काढू नका, अशी जाहीर विनंती चौकशी करणाऱ्या संस्थेलाच करावी लागली. आप्तांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने मृत व्यक्तीवर केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो, असे आपला कायदा मानतो. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आपण लहानपणी पाठ केली. शेजारी मेला म्हणून ती आज्ञा सैल होत नाही. उलट तो आता उत्तर देऊ शकत नाही म्हणून ती अधिकच घट्ट होते.

लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहचा बुरूज कोसळून ठार झालेल्या अठरा जणांचा उल्लेख येतो. ते इतरांहून मोठे पापी होते म्हणून त्यांच्यावर बुरूज पडला, असे काही ऐकणाऱ्यांच्या मनात असावे. प्रभू येशूने ती समजूत स्पष्टपणे नाकारली. त्या अठरा जणांविषयी त्याने कोणतेही गुपित उघड केले नाही, त्यांना दोष दिला नाही. ऐकणाऱ्यांनाच आपापल्या जीवनाकडे वळून पाहण्यास सांगितले. अपघाती मृत्यूविषयी कसे बोलावे याचा याहून नेमका धडा आम्हांला माहीत नाही.

सर्वच माहितीपट टाकाऊ आहेत असे आमचे म्हणणे नाही. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात सौदी व कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जण गेले. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली कसे आले, भाषेच्या अडचणीचा त्यात वाटा काय होता, आणि त्यानंतर टक्कर टाळणारी यंत्रणा भारतात का सक्तीची झाली, हे ज्या कार्यक्रमातून कळते तो पाहून मनुष्य शहाणा होतो. टायटॅनिकमुळे १९१४ साली जहाजांच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि सर्वांना पुरतील इतक्या जीवरक्षक नौकांचा नियम आला, ही कथाही कोणत्याही भुताटकीहून रोमांचक आहे. मेलेल्यांनी जिवंतांना वाचवले, असा तिचा अर्थ.

म्हणून आमची एक विनंती आहे. घरात असा कार्यक्रम लागला तर तो लगेच बंद करण्याची गरज नाही. मुलांबरोबर बसून पाहावा आणि संपल्यावर तीन प्रश्न विचारावेत. मेलेल्यांपैकी किती जणांविषयी आपल्याला काही कळले? सांगितलेले कोणी पाहिले होते, आणि कल्पिलेले कोणी? आणि हे पाहून आपण उद्या कोणती गोष्ट अधिक काळजीने करणार आहोत? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर तो तासभर आपण दुसऱ्यांच्या मरणावर करमणूक केली, हे मुलांनाही आपोआप उमगेल. नोव्हेंबर महिन्यात आपण मृतांसाठी प्रार्थना करतो, तेव्हा ज्यांच्या देहांना माती लाभली नाही अशांचेही स्मरण करतो. त्यांच्याविषयी जेवढे ठाऊक आहे तेवढेच बोलणे, आणि जे ठाऊक नाही तेथे मौन धरणे, हा त्या स्मरणाचाच भाग मानावा.